तेरा डब्यांचा सिनेमा, नीट क्रमानं पाहिल्यावर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तो सध्या खुर्चीत बसूनच घालतो आहे, तरी पूर्ण धरावा). तुझी पाठ कशी आहे? भाऊजींना नव्या यंत्रातून नीट ऐकू येतं का, की अजूनही सोयीचं तेवढंच ऐकतात? आम्ही दोघं ठीक आहोत.

एकाच शहरात राहून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर आपण दोघं एकमेकांना बोलू देत नाही, आणि मागच्या वेळी मी फोन आपटला तो आपटलाच. म्हणून पत्र. यात मी फक्त सिनेमांविषयी लिहिणार आहे. दुसरा विषय काढणार नाही, असं ठरवून बसलोय आणि तो काढणार नाही म्हणजे नाही. आमची लेक ठकी तुझ्याकडे राहते, शहर बसची ड्रायव्हर म्हणून फिरते, मजेत आहे, हे मला ठाऊक आहे. ते विचारण्यासाठी हे पत्र नाही.

लोकांना वाटतं, थेटरातला ऑपरेटर म्हणजे फुकट सिनेमे बघणारा सुखी जीव. अगं, एकतीस वर्षं मी सगळे सिनेमे वीतभर खिडकीतून, उभ्यानं, मशीनच्या खडखडाटात पाहिले. एकेका डब्यातलं रीळ दहा मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका दिसतो आणि तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. म्हणजे लोक नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी बघत असत तेव्हा मी कोपरा बघत असे. म्हणून या महिन्यात निर्धार केला, की सगळे सिनेमे घरी, दुपारी, बसून, शेवटपर्यंत पाहायचे. (बसून हे अवघड जातंय. दर दहा मिनिटांनी मी आपोआप उभा राहतो आणि तुझी वहिनी शर्ट ओढून खाली बसवते.)

आधी नवे पाहिले. एकात नायक पहिली चाळीस मिनिटं एक अक्षर बोलत नाही, भिंतीकडे बघतो. मीही बघितली. भिंतीला ओल होती, त्यापलीकडे मला काही समजलं नाही. दुसऱ्यात सगळी माणसं अंधारातच वावरतात. मी दोनदा उठून टीव्हीला चापट मारली. आमच्याकडे एवढा अंधार पडला असता तर प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. तिसरा खुनाचा. नावं संपायच्या आत वहिनी म्हणाली, "तो मफलरवाला," आणि भाजी निवडायला निघून गेली. मी इरेला पेटून सव्वादोन तास बसलो, निदान एकदा तरी ती चुकावी म्हणून. मफलरवालाच निघाला.

मग जुन्यांकडे वळलो. (आम्ही ऑपरेटर लोक सिनेमा नावानं नाही, डब्यांवरून ओळखतो.) सतरा डब्यांचा तो जुळ्या भावांचा सिनेमा मला कायम सुसाट वाटायचा. आता कळलं, तो सुसाट नव्हताच, मॅनेजरच्या सांगण्यावरून मी त्यातले दोन डबे कधी लावलेच नव्हते. त्या दोन डब्यांत एक डॉक्टर चारित्र्यावर भाषण देतो. मॅनेजरबद्दलचा माझा आदर वाढला.

आता तेरा डब्यांचा. ताई, हा तुलाही आठवत असेल, कारण यावरूनच आपलं वाजलं. बापाचं न ऐकता मुलगी घर सोडून जाते, तो सिनेमा. आमच्याकडे नऊ आठवडे चालला, दिवसाला चार खेळ, म्हणजे मी तो दोनशे बावन्न वेळा लावलाय. त्यात मुलगी पत्र्याची पेटी घेऊन बापाच्या दारात परत येते, व्हायोलिनं वाजतात, ती पाया पडते. त्यानंतर बाप तिच्या भाड्याच्या खोलीवर जातो आणि पेटीवर बसून राहतो. म्हणजे आधी मुलगी आली, मग बाप उरलेलं सामान आणायला गेला. इतकं स्वच्छ. ठकी ऑफिसातली, पंख्याखालची नोकरी लाथाडून बस चालवायला निघाली, तेव्हा मी तिला हेच सुनावलं होतं. "त्या सिनेमातली पोरगी आधी आली. तू आधी ये, मग बघू." ती म्हणाली, "बाबा, मी तो सिनेमा बघितलेला नाही," आणि गेली. चौदा महिने झाले. त्यानंतर तू फोनवर म्हणालीस, "अरे, त्यात बाप आधी जातो." मी म्हटलं, तू एकदा पाहिलास, तोही दुसऱ्या गावच्या थेटरात, मी दोनशे बावन्न वेळा, मला शिकवू नकोस. आणि फोन आपटला.

गेल्या बुधवारी वहिनीनं नेमका तोच लावला. (योगायोग, असं ती म्हणते.) ताई, बाप आधी गेला. तो खोलीवर जातो, पेटीवर बसून राहतो, आणि मुलगी त्याच्यासमोर उभी राहून रडते. त्यानंतर ती घरी येते. मी टीव्ही बंद केला. सिनेमात कोणीतरी फेरफार केलाय, असं वहिनीला पटवायला निघालो आणि मध्येच आठवलं. सिनेमा आला त्या दिवशी डब्यांची झाकणं तेलकट झाली होती, म्हणून मी तेराच्या तेरा धुऊन उन्हात ठेवली होती. आकडे झाकणांवर रंगवलेले. परत लावताना दहाव्याचं झाकण अकराव्याला आणि अकराव्याचं दहाव्याला बसलं असणार. रिळाच्या तोंडाशीही आकडा असतो, तो बघायचा असतो. झाकणं मी स्वतः धुतलेली, मग बघतो कशाला?

नऊ आठवडे अख्खं गाव उलटा सिनेमा बघून रडलं आणि एकानंही तक्रार केली नाही. जी पेटी मुलगी घरी घेऊन येते, तिच्यावरच बाप नंतर तिच्या खोलीत बसलेला दिसायचा. माझ्याही लक्षात आलं होतं. तिच्याकडे दोन पेट्या असतील, असं मी धरून चाललो.

तर तुझं बरोबर होतं. हे मी शाईनं लिहून देतोय, भाऊजींना दाखव. बाकी सिनेमा चांगला आहे, छायाचित्रण उत्तम. पत्रात दुसरा विषय काढला नाही, याची नोंद घ्यावी.

तुझा आज्ञाधारक (आजपासून) भाऊ

ता. क. १ : सहज विचारतो, ठकीच्या बसचा नंबर काय? आणि ती कुठल्या थांब्यावरून सुटते? उत्तर लगेच पाठव.

ता. क. २ : उत्तर पाठवू नकोस. नंबर आणि वेळापत्रक आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं सापडलं, वहिनीच्या अक्षरात. वर्षभर दर मंगळवारी ती दाताच्या डॉक्टरकडे जात होती आणि दात होते तसेच होते. बाई लेकीच्या मागच्या सीटवर बसून शहर फिरत होती आणि मला ओळीनं कारल्याची भाजी खायला घालत होती.

ता. क. ३ : अक्षर हलतंय, कारण मी बसमध्ये आहे. पत्र पाकिटात घालून पोस्टात निघालो होतो, वाटेत थांबा लागला. ठकी गाडी फार छान चालवते गं. वळणावर उभ्या माणसाचा तोल जात नाही. मी मागे तोंड लपवून बसलो होतो, पण आरशातून तिनं केव्हाच पाहिलं होतं. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. ती जवळ येऊन म्हणाली, "बाबा, इथं गाडी रिकामी करावी लागते." मी म्हटलं, मी उतरायला आलेलो नाही. "मग किती वेळ बसणार?" तू म्हणशील तितका. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी रडलो, हे लिहून टाकतो, नाहीतर ती सांगेलच. मग तीही डोळे पुसून म्हणाली, "सातला सुटते मी. तोवर बसा. पण दाराजवळ नको, लोकांना चढायला अडचण होते."

आता चौथी फेरी चालू आहे. पत्र पोस्टात टाकत नाही, हातीच देतो. हे पत्र तू वाचत असशील तेव्हा मी तुझ्या दारात उभा असेन आणि ठकी माझ्यामागे. ती घरी येईल की नाही, ते तिचं ती ठरवेल. पण आधी कोण गेलं, असं कोणी विचारलं, तर साक्षीला तू आहेस.