नामदेवरावांनी नट बरोबर कसला होता

१३ सप्टेंबर १९८१, रविवार
लाकूड कोरायच्या यंत्राचा जुना स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा आस, आज काढून टाकला. पाव इंच दांड्याच्या कटरपलीकडे काही घेतच नव्हता. सागवानात जरा खोल जायचं तर चार फेरे, आणि दर फेऱ्याला थरथर. दोन वर्षं त्याच्याशी डोकं फोडलं, आता पुरे. अर्ध्या इंचाचा दांडा धरणारा पाहिजे, म्हणजे जाड कटर लावता येईल.
कुसुम शेडमध्ये चहा घेऊन आली. "काहून मोठं पाहिजे जी तुमाले? आहे ते चालून तर राहिलं."
ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे नकाशे गिरवतो. हे यंत्र तेवढं माझं आहे. पण हे तिला सांगितलं नाही.

२० सप्टें., रवि.
झाला एकदाचा! स्पिंडल करीमभाईंच्या लेथवर, बेअरिंग जरीपटक्याच्या बाजारातून. मोठ्या कटरला वेग कमी लागतो म्हणून पुलीही बदलली. कटरचा दांडा ज्या चिरलेल्या नळीत आवळला जातो ती कोलेट करीमभाईंनी स्वतः घासून दिली आणि वर दम भरला, "बाबू, इसमें तेल की एक बूँद नहीं. सूखा पकड़ेगा, गीला छोड़ देगा."
हो हो म्हटलं. मला शिकवतात!

२७ सप्टें., रवि.
नामदेवराव आले. पंधरा वर्षांची दोस्ती, इंदोरा वस्तीत त्यांच्यासारखा सुतार नाही. त्यांच्या वस्तीतल्या नव्या विहाराचं दार त्यांच्याकडे आहे, कार्तिक पौर्णिमेला उद्घाटन. दाराच्या फळीवर धम्मचक्र. चोवीसही आरे पटाशीने कोरून झालेत. हात फिरवला तर कुठे बोट अडत नाही. फक्त बाहेरचा गोल राहिलाय.
मी म्हटलं, गोल माझ्या यंत्रावर घेऊ, तासाभरात होईल.
"हातानंच घेतो ना मधुभाऊ. आठ दिवस जातीन, जाऊ द्या."
ऐकतो कोण! हट्टालाच पेटलो. नवीन कटर दाखवलं, रद्दी फळकुटावर गोल काढून दाखवला. शेवटी म्हणाले, "बरं जी. पण घरोघर फिरून लोकायनं लाकूड जमवलं हाय. सांभाळून."

७ ऑक्टो., बुध.
खंडे नवमी. यंत्र पुसलं, घासलं, तेलपाणी केलं. नवं आहे, पहिली पूजा, म्हणून तेलाची बुधली जरा सढळच. कुसुमने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. काय दिसत होतं! आज-उद्या बटणाला हात लावायचा नाही.

८ ऑक्टो.
दसरा. सोनं द्यायला बरेच जण आले. नामदेवराव आजच्या दिवशी दीक्षाभूमीवर असतात, ते रविवारी फळी घेऊन येणार.

११ ऑक्टो., रवि.
कसं लिहू.
फळी बसवली. कटर नामदेवरावांनी स्वतः लावलं, दोन पाने घेऊन नट कसला, पुन्हा एकदा कसून पाहिला. मी बटण दाबलं. पाऊण गोल लोण्यासारखा गेला. मग आवाज बदलला. कटर कोलेटमधून खाली सरकत गेलं, मी बटण बंद करेपर्यंत फळीच्या आरपार. सहा आरे उखडले आणि फळी मधोमध उभी चिरली.
नामदेवरावांनी चिरेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नट मीच कसला होता ना? माझा हात कमी पडला, मधुभाऊ."
मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

१२ ऑक्टो.
ऑफिसातून येऊन कोलेट उघडली. बोट आत घातलं, तेलाने माखून बाहेर आलं. नवमीचं तेल. मीच ओतलेलं. करीमभाईंचं बोलणं तेव्हा आठवलं नाही, आज शब्द न् शब्द आठवला. हार घालायची हौस, पण कोलेट काढून पुसायची अक्कल नाही!
चूक झाली, ती एकवेळ समजू शकतो. पण काल मी बोललो ते वाक्य... खरं कारण तेव्हा ठाऊक नव्हतं, मान्य. आज ठाऊक आहे. उद्या जाऊन सांगतो.

१४ ऑक्टो.
गेलो नाही.

१८ ऑक्टो., रवि.
करीमभाईंकडून कळलं. विहारात बैठक झाली, तिथे नामदेवराव सगळ्यांसमोर उठून उभे राहिले. म्हणाले, लोकायची फळी माझ्या हातानं गेली, माफी द्या. माझं किंवा यंत्राचं नावसुद्धा घेतलं नाही. नवी फळी तेच करून देणार, पण दार बसवायला दुसरा सुतार पाहायचं ठरलं. सुचवलं त्यांनीच.
लाज वाटते. जेवण गेलं नाही.

१ नोव्हें., रवि.
दिवाळी कशी गेली कोणास ठाऊक. आज हिंमत करून त्यांच्याकडे गेलो. नवी फळी, सगळं पहिल्यापासून, हाताने. मला पाहून उलट खूश! बसा म्हणाले. पटाशी पुढे केली, "धार पाहून द्या जरा. आजकाल माह्या हाताचा भरोसा नाही राहिला." नामदेवराव धार मला विचारतात! एक आरा करायचे, थांबायचे, पुन्हा मोजायचे. पहिल्या फळीवर असं मोजताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं.
तोंडापर्यंत आलं होतं. मी पटाशीवर अंगठा फिरवला आणि "चांगली आहे" म्हणून निघून आलो. हरामखोर आहे मी.

८ नोव्हें., रवि.
आज कुसुमला सगळं सांगितलं. ऐकून ती भडकलीच.
"बाप्पा! चार हप्ते पोटात ठेवलं? सांगतलं काहून नाही त्यायले?"
मी म्हटलं, बुधवारी उद्घाटन आहे, तेवढं पार पडू दे, मग निवांत सांगतो.
"उद्घाटनाले थो माणूस सगळ्यायच्या मागं उभा राहीन, चोरावानी. मंग सांगून काय त्याची आरती करता? आज चला. चार लोकायसमोर सांगा."
चार लोकांसमोर. तेच तर.
तिने पातळ बदललं, चपला घातल्या. मी म्हटलं, दोन ओळी लिहून येतो. फाटकातून हाक आली, "येता का मी जाऊ?" हो हो, आलोच म्हटलं. दुसरी हाक आली.
आता फाटक वाजलं. ती एकटीच नामदेवरावांकडे निघाली. आणि मी अजून इथे लिहीतच बसलोय.