हजेरीचा हॉर्न

३ फेब्रुवारी २०२५
आजपासून रोज लिहायचे. डॉक्टरांनी फक्त प्रेशरचे दोन आकडे लिहायला सांगितले आहेत. मी थोडे जास्त लिहीन.
आज १६८/१०२. मशीन नवीन आहे. रुळायला वेळ लागणार.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
डॉक्टर काय म्हणाल्या ते लिहायचे राहिले. पनवेलच्या डॉक्टर आश्लेषा. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, मला काका म्हणतात. जिना चढताना छाती भरून येते म्हणून गेलो होतो. ईसीजी पाहून त्यांनी विचारले, घर कुठे? मी सांगितले, रोडटच. न्हावा शेव्याचा रोड गॅलरीखालून जातो. कौतुक झाले नाही. म्हणाल्या, वर्षानुवर्षे झोपेत ट्रॅफिकचा आवाज पडत राहिला की प्रेशर वाढते, हृदय थकते. मी म्हणालो, मला आवाज ऐकूच येत नाही, सवय आहे. त्या म्हणाल्या, "काका, झोपता तुम्ही. कान जागेच असतात."
गोळी चालू. शिवाय मागच्या खोलीत झोपायचे. महिन्यात उतरले नाही तर अँजिओग्राफी.
अँजिओग्राफी नको. मेहुण्याची, भावेशची झाली. तेव्हापासून तो दुसऱ्या कशावर बोलत नाही.

५ फेब्रुवारी
मागच्या खोलीत आई असते. तीन वर्षांपूर्वी माझी बायको विनिताही तिकडे गेली. पुढचा पंखा तिला सोसत नाही. जाताना तिने दुसरे काहीतरी कारण सांगितले होते, पण नेमका तेव्हा कंटेनर जात होता.
मी पुढेच झोपणार. मालक मागे झोपला तर हजेरी कोण घेणार?
आपले चार ट्रेलर. घरावरून जाताना प्रत्येक ड्रायव्हरने तीनदा हॉर्न द्यायचा. जाताना, येताना, कितीही वाजलेले असोत. ही माझी पद्धत. जीपीएस कोणीही लावतो. आपला हॉर्न म्हणजे आवाज नव्हे, शिस्त आहे.
त्रास आहे तो बाकीच्यांच्या गाड्यांचा. त्यांचा बंदोबस्त करायचा.

८ फेब्रुवारी
गेटवर बोर्ड लावला. पिवळ्यावर लाल. "शांतता राखा. येथे हार्ट पेशंट राहतात." खाली माझा मोबाईल नंबर.
आईने विनिताकडून वाचून घेतला. मग म्हणाली, "साऱ्या दुनियेला सांगतंस, आपल्या डायवरांना कवा सांगशील?"
आईचा जन्म मिठागरावर गेला. तिला ट्रान्सपोर्ट कळत नाही.

११ फेब्रुवारी
बोर्डाचा परिणाम दिसू लागला. ड्रायव्हर लोक वाचण्यासाठी गाडी हळू करतात. त्यामुळे मागचे हॉर्न देतात.
काही जण तब्येत विचारायला फोनही करतात. एकाने पहाटे केला, लसूण खायला सांगितले. लोक चांगले आहेत.
१७२/१०४. लसणाने उतरेल.

१५ फेब्रुवारी
पुढच्या खोलीला डबल काच बसवली. काचवाला नवी मुंबईचा. म्हणाला, "शेठ, एकदा बंद केली ना, बाहेर काय चाललंय काय पन समजनार नाय."
खरोखर समजले नाही. आपला ड्रायव्हर मोरू गेला का, समजले नाही. दुसरा ड्रायव्हर जीवन आला का, तेही नाही. छातीत धडधडू लागले. खिडकी उघडली. फक्त आपल्या गाड्यांपुरती.

१६ फेब्रुवारी
उघड्या खिडकीतून इतरही गाड्यांचा आवाज येतो. काचवाल्याला फोन करून तक्रार केली. तो म्हणाला, "शेठ, आधी खिडकी बंद करा."

२० फेब्रुवारी
जिन्यात कठड्याला धरून जरा उभा राहिलो. विनिता खालून पाहत होती, हे नंतर कळले. तिने माझी उशी मागे नेऊन टाकली. म्हणाली, "तुमच्या फोटोला हार घालून वर चार ट्रेलर सांभाळायचे, हे मला जमणार नाही."
मागे झोपण्याचा निर्णय मी आधीच घेतला होता. उशी नेमकी तिने नेली एवढेच.

२४ फेब्रुवारी
मागची खिडकी खाडीकडे. चार रात्री झोप लागली. सकाळी १३८/८८. गोळीचा थोडा, निश्चयाचा जास्त परिणाम.
मात्र हजेरी ऐकू येत नाही. मोरूला विचारले, हॉर्न देतोस ना? म्हणाला, "देतो ना शेठ. तुमी ऐकत न्हाय काय?"
हे बरे नाही. मालकाला ऐकू जात नसेल तर उद्या कोण कोणाला विचारणार?

२६ फेब्रुवारी
ड्रायव्हरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. "प्रकृतीच्या कारणाने मी मागच्या खोलीत झोपतो. हजेरी माझ्यापर्यंत पोचली पाहिजे. कशी, ते आपापले पाहावे." फोन करतील असा अंदाज. माणसांना मोकळीक दिली की ती डोके चालवतात.

२८ फेब्रुवारी
डोके चालवले.
मागची गल्ली रुंद आहे, गेल्या वर्षी मीच भांडून करून घेतली. पहाटे मोरू रिकामा ट्रेलर घेऊन गल्लीत शिरला, थेट माझ्या उशाशी. तीन हॉर्न. मागोमाग जीवन. मग बाकीचे दोघे. मी खिडकीत गेलो तर मोरू खालून हात जोडून म्हणाला, "पोचली ना शेठ?"
पोचली म्हणालो. दुसरे काय म्हणणार.
आई जे बोलली ते इथे लिहीत नाही. सगळी गल्ली उठली होती, त्यामुळे नोंद राहील.
१७६/१०८.

३ मार्च
डॉक्टरांकडे. विनिता सोबत आली आणि तिने सगळे सांगितले. बोर्ड, काच, गल्ली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. गुरुवारी अँजिओग्राफी. म्हणाल्या, "काका, हॉर्न आत्ता, माझ्यासमोर बंद करायचे."
त्यांच्यासमोरच टाइप केले. "उद्यापासून कोणीही हॉर्न देऊ नये. पुढील आदेशापर्यंत." शेवटचे दोन शब्द माझे.

३ मार्च, संध्याकाळ
ग्रुपवर दिवसभर सामसूम. मी समजून होतो. त्यांना धक्का बसला असणार.
सहा वाजता मोरूने लिहिले, "शेठ मग हजेरी कोनाला देयाची?"
मी उत्तराचा मसुदा करत होतो. विनिताने स्वतःच्या फोनवरून लिहिले, "मला. मेसेज टाकायचा. हॉर्न वाजला तर गाडीची चावी घरी आणून द्यायची." ती ग्रुपमध्ये आहे हे मला माहीत नव्हते.
मिनिटभरात चार अंगठे. जीवनने हात जोडून वर फूलही टाकले.
माझ्या मेसेजला अजून काही नाही.
प्रेशर पाहिले नाही.