पहिल्या हाकेला ओ

३ नोव्हेंबर २००८, टोकावडे
आलो एकदाचे! दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, भाडं कमी आणि ब्रॉडबँडही आहे. मला आणखी काय हवं? वेबसाइटी बनवायचं काम घरूनच करीन. पाच वर्षांची समीक्षा उतरल्या उतरल्या घरमालकीण गोजामावशींच्या कोंबड्यांमागे धावली. बायको, संघरत्ना, नर्सिंगच्या ट्रेनिंगला सहा महिने नागपुरात. लेकीच्या आठवणीनं रडते बिचारी. तिला तिथूनच आमचं अंगण दिसेल अशी सोय करतो.

५ नोव्हेंबर
झाली सोय! खिडकीत कॅमेरा बसवला. राऊटर म्हणजे घराची भिंत. पोर्ट फॉरवर्डिंग करून तिला एक दार पाडलं. दारात जुना कॉम्प्युटर उभा, त्याला म्हणायचं रिव्हर्स प्रॉक्सी. बाहेरच्यानं नाव सांगायचं, यानं आतून ती वस्तू आणून द्यायची. चुकीचं नाव घेणाऱ्याला खरं तर परत पाठवायचं असतं. पण आमच्या बाईसाहेब पत्ता हमखास चुकवतात. म्हणून मशीनला सांगून ठेवलं, कुणी कुठलंही नाव घेऊ दे, अंगण दाखव.

९ नोव्हेंबर
संघरत्ना रोज दुपारी बारा ते तीन अंगण बघते. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, दिसतं. नाव मात्र भलतंच टाकते: भिमी. गोजामावशींना हसत सांगितलं तर त्यांनी आधी समीक्षाला अंगणातून आत घेतलं. भिमी त्यांची थोरली. सहा वर्षांची असताना भर दुपारी अंगणातून कुणीतरी हाक मारली, पोरीनं ओ दिली, बाहेर गेली ती गेलीच. मला म्हणाल्या, पयल्या हाकेला ओ नाय द्यायची रे बाबा, जित्ता माणूस तीनदा हाक मारतो. मी म्हटलं, माझं मशीन पहिल्याच हाकेला ओ देतं, मावशी, तेच त्याचं काम.

११ नोव्हेंबर
संघरत्नाचा फोन आला. होस्टेलचं नेट आठ दिवस बंद आहे. तिनं अंगण एकदाही पाहिलेलं नाही.
मग रोज तीन तास माझ्या लेकीकडे कोण बघतंय?

१२ नोव्हेंबर
आज लॉगमधलं नाव बदललं. समीक्षा.
मीच दाखवली तिला. जे काही असेल त्याला मीच— अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पोर्ट बंद केला. वायर उपटली, कॅमेरा काढला. भीती वाटतेय, खूप भीती वाटतेय.

१३ नोव्हेंबर
सकाळपासून वीज नाही. वायर माझ्या हातात. तरी मशीन चालू— पडद्यावर एकच नाव, ओळीखाली ओळ—
साडेबाराच्या एसटीनं मुरबाडला निघतोय. पिशवी भरली. मावशींना तीनदा हाक मारली. कडी काढत नाहीत.

बारा वाजले
समीक्षा मांडीवर. तिच्या तोंडावर माझा हात. अंगणातून हाक आली, हुबेहूब संघरत्नाचा आवाज— एकदाच—
नाही दिली. माझ्या पोरीनं ओ नाही दिली—

अंगणातून ओ आली. समीक्षाच्या आवाजात. ओठ तर माझ्या हाताखाली मिटलेले— मांडी हलकी— समी—