खोलीचं एक मिनिट

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ठीक, तू ठीक, एवढं झालं की आपण दोघंही नुसते श्वास घेत बसतो. बोलायचं खातं तुझ्या आईकडे होतं. तिला जाऊन आठ महिने झाले, पण ते खातं काही मला जमत नाही. म्हणून हे पत्र. छापखान्यात छत्तीस वर्षं लोकांच्या चुका तपासल्या, त्यामुळे हातात पेन असलं की मला जरा धीर येतो.

बातमी अशी, की तुझं पॉडकास्ट मी पहिल्या भागापासून ऐकायला घेतलंय. जेवणाच्या टेबलावर बसतो, वही उघडी ठेवतो. आज अठ्ठ्याऐंशीवा झाला. तुमचे निवेदक साहेब भलतेच घाईत असतात बुवा! एकेचाळिसाव्या भागात म्हणाले तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ, आणि त्रेचाळिसाव्यात त्याच खटल्याला पाच बसवले. पंधरा दिवसांत दोन कुठून उगवले, ते विचार त्यांना. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे चारही भाग ऐकले. आता मला त्यातलं साहेबांइतकंच कळतं, म्हणजे काहीच नाही.

आणि एक. मधेच तुमचे अगदी नवे दोन-चार भागही ऐकले, त्यांत बोलण्याच्या मागे बारीक घरघर ऐकू येते, अगदी आपल्या फ्रीजसारखी. परवा युद्धाची बातमी चालू असताना मी दोनदा उठून फ्रीजचं दार तपासून आलो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, की रोज आवाज येतो, पाहुणे आलेत का. मी सरळ हो म्हणून टाकलं.

आईची मुलाखत कितव्या भागात आहे गं? तू चार दिवस राहायला आली होतीस, तेव्हा याच टेबलावर घेतली होतीस ती. पेन्शन ऑफिसातल्या मशीनने तिचा चेहरा ओळखला नाही, आणि जिवंत असल्याचा दाखला आणा म्हणून तिलाच परत पाठवलं, तो किस्सा. आकडा कळव, म्हणजे मधले भाग ओलांडून तिथे जातो.

जेवत जा वेळेवर. तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा


१२ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचलं आणि मोठ्याने हसले. खंडपीठाची चूक साहेबांना दाखवली. ते म्हणाले, वडिलांना नोकरीवरच घेऊ. मी म्हटलं, ते आले तर पहिल्यांदा तुम्हालाच काढतील.

इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. दोन देशांतल्या निवडणुका, एक मोठा निकाल, वर माहितीच्या गुप्ततेचा नवा कायदा. दिवसभर कानांवर हेडफोन, आणि लोकांच्या बोलण्यातले खोकले, अडखळणं, 'म्हणजे काय की' वगैरे कापत बसते. नऊ तास माणसांचे आवाज ऐकते, पण माझ्याशी म्हणून कुणी बोललेलं नसतं. संध्याकाळी खोलीवर आले की मीच उघडलेल्या कुलपाचा आवाज झाल्यावर आपोआप कोण आहे असं विचारते. हसू नका.

आईच्या भागाचं बघून कळवते. दिवसाला इतके भाग ऐकू नका, डोकं दुखेल. आणि फ्रीजपाशी सारखे उठू नका, गुडघा सांभाळा.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

'बघून कळवते' हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. पुस्तक वेळेवर होणार नसलं की आमचे मालक लेखकांना हेच सांगायचे.

मी दिवसाला सात-सात भाग ऐकले. दोनशे नऊ झाले, आता तीनच उरलेत. दुसऱ्या कुठल्या तरी बाईने, कुठल्या तरी गावच्या, आपल्या पेन्शनचा किस्सा सांगितलाय. चांगली बोलली. पण ती आपली नव्हे.

तुला एक सांगितलं नव्हतं. तू मुलाखत घेऊन गेलीस त्यानंतर दर गुरुवारी, नवा भाग आला की तुझी आई केस विंचरून या टेबलाशी बसायची. जसं काही ऐकणाऱ्यांना ती दिसणारच होती! भाग संपला की म्हणायची, पुढच्यात असेल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिच्याबरोबर ऑपरेटर असलेल्या सगळ्या मैत्रिणींना तिने कळवून ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, पोरीला विचारून टाक. तर माझ्यावरच डाफरली, की तिच्या कामात नाक खुपसायचं नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या गुरुवारीसुद्धा एक इअरफोन तिच्या कानात होता आणि दुसरा माझ्या.

मला जगात काय चाललंय त्याच्याशी काय करायचंय? सरकारं पडोत नाहीतर उभी राहोत. मला तिचा आवाज हवाय. एकतीस वर्षं अख्ख्या शहराने तो ऐकला, आणि माझ्याकडे अर्धं मिनिटही नाही. रोजचाच होता, कोण साठवून ठेवतं? आता तो जायला लागलाय गं. ती काय काय बोलायची ते शब्दन् शब्द आठवतं, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. याची मला फार भीती वाटते.

तेव्हा बघून वगैरे नको. सरळ कळव.
बाबा


२ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

आई कुठल्याच भागात नाही. तिचा भाग जायचा त्या गुरुवारी सकाळीच कुठल्याशा देशातलं सरकार पडलं. साहेबांना सगळी वेळ त्यासाठी हवी होती. आईची अठरा मिनिटं मीच काढली, माझ्या हाताने. पुढच्या आठवड्यात घेऊ म्हटलं. पुढच्या आठवड्यात आणखी काही झालं. जगात दर आठवड्याला काहीतरी होतंच, बाबा. मग किस्सा शिळा झाला, आणि नंतर कुणीतरी दुसरी बाई मिळाली. आईने कधी विचारलं नाही, म्हणून मला वाटलं ती विसरली. खरं सांगायचं तर मी तसा समज करून घेतला, सोयीचं होतं म्हणून.

न वापरलेली मुलाखत आमच्याकडे तीन महिन्यांनी पुसून टाकतात, तसा नियमच आहे. आई गेल्यावर परत कामावर आले त्या दिवशी सगळी कपाटं, सगळ्या डिस्क उपसल्या. नाही मिळाली. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

एकच गोष्ट उरलीय. आम्ही कुठेही मुलाखत घेतली की शेवटी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवतो आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतो. कापलेल्या जागी ती भरावी लागते, नाहीतर कानाला खड्डा लागतो. त्या शांतता मी वेगळ्या ठेवते, त्या कुणी पुसत नाही. आपल्या घरचं ते मिनिट आहे. तुम्ही खुर्चीत होतात, आई टेबलाशी. तुम्ही तिच्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं होतं, आठवतं?

आणि तुमचा कान बरोबर आहे. ती घरघर आपल्याच फ्रीजची आहे. आमच्या स्टुडिओतली शांतता मेल्यासारखी असते, म्हणून मी आपल्या घरचीच वापरत आले. मंत्र्यांच्या, वकिलांच्या, त्या दुसऱ्या बाईच्याही बोलण्याच्या मधल्या फटींत तुम्ही दोघं बसलेले आहात. पहिल्यांदा सहज वापरलं. आता मुद्दाम वापरते.

मधलाच तुकडा घेत आलेय, पण तुम्हाला ते मिनिट अख्खं मोबाइलवर पाठवतेय. त्यात आईचं बोलणं नाही. शेवटी काहीतरी खुडबुड आहे, ती मी ऐकायची टाळत आलेय.

रागावलात तरी चालेल, पण लिहा.
भिंगरी


१३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

रागावलो. दोन दिवस मोबाइलला हात लावला नाही. तुझ्यावर कमी, त्या पडलेल्या सरकारवर जास्त. त्यांना दुसरा वार मिळाला नाही का?

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसलो. हेडफोन लावायच्या आधी खरा फ्रीज बंद केला, नाहीतर दोन फ्रीज झाले असते. आधी घरघर. मग माझी खुर्ची करकरली. तिचा श्वास कुठला आणि माझा कुठला ते लगेच कळलं, ती नाकाने जरा शीळ घालायची. चाळीस वर्षांच्या संसारात ती एक मिनिट गप्प बसलेली मला आठवत नाही. तुझ्यासाठी बसली. मला तर तिला असं गप्प बसवणं कधी जमलं नसतं.

तू टाळलेली खुडबुड म्हणजे ती पुढे सरकली, त्याची आहे. टेबलावर कोपर टेकल्याचा आवाज येतो. आणि मग ती हळूच विचारते, झालं का गं, आता बोलू का म्हणून.

अगदी तिच्याच आवाजात. मी तो पार विसरलो होतो, मला वाटत होतं त्यापेक्षा बारीक आहे.

तिथेच तू मशीन बंद केलंस, त्यामुळे पुढे काही नाही. तेवढं मी रोज सकाळी ऐकतो. तूही एकदा ऐक, घाबरू नकोस, ती रागावलेली नाही. तिने सांगितलेला किस्सा मला तोंडपाठ आहे, तो वहीत उतरवायला घेतलाय. तू ये, म्हणजे वाचून दाखवतो.

शिंपीणबाई परवा पुन्हा विचारत होत्या, की पाहुणे गेले वाटतं, फक्त तुमचाच आवाज येतो हल्ली, तोही एकाच शब्दाचा. त्यांना काय सांगणार? तिने विचारलं की मी दर वेळी 'बोल' म्हणतो.

तुझा,
बाबा