पायी चालीची फटफटी

१५ ऑगस्ट १९५६, बुधवार
सुट्टी. सकाळीच निर्णय घेतला. राजलक्ष्मीसाठी, म्हणजे आमच्या राजीसाठी, फटफटी बनवायची. स्वतःच्या हातानं. विकतच्या सगळ्या उंच, आणि पोरीचा डावा पाय लहानपणच्या तापापासून बारीक, लोखंडी पट्ट्यांच्या बुटात. ही इतकी बुटकी करायची की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील.

कारण साफ आहे. एक नोव्हेंबरला आमचं मध्यभारत राज्य खलास, नव्या राज्याची राजधानी भोपाळ. राजीचं सरकारी ऑफिस टाइपरायटरांसकट तिकडे चाललंय. संस्थान गेलं तेव्हा आमच्या सरदारसाहेबांनी मोटार विकली, आणि मी बिनमोटारीचा ड्रायव्हर झालो. तेव्हा चूप बसलो. या वेळी चूप बसणार नाही. मोटार गेली, पोरगी जाणार नाही.

शेजारच्या पांडुरंगराव वकिलांनी बाड्याजवळच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकाजवळच्या, एका मुलींच्या शाळेत टायपिंग शिकवायची जागा बघून ठेवली आहे. अडचण एकच. आत्ता ऑफिसच्या बायकांबरोबर तांग्यानं जाते, पुढे आमच्या किला गेटच्या वस्तीपासून बाड्यापर्यंत रोज एकटी जाणार कशी? फटफटी आली की तो प्रश्न मिटला.

राजीला सांगितलं. बघू या बाबा, म्हणाली. म्हणजे हो.

२२ ऑगस्ट
हजीरा मोहल्ल्याच्या भंगारबाजारातून इंजिन मिळालं. लढाईत मिलिटरीवाले बॅटऱ्या चार्ज करायचे, त्या सेटचं. एवढंसं आहे, पण आवाज मर्दाना. मूळचा गार करायचा पंखा गायब. किरकोळ बात.

चाकं हमालांच्या ठेल्याची. हँडल सायकलचं. गादी एका मोडक्या तांग्याची. टाकी तुपाच्या डब्याची. संध्याकाळी मंदाताईनं विचारलं की डबा कुठे गेला. ती माझी थोरली बहीण, माझी बायको गेल्यापासून घर तिच्या धाकात. खरं सांगितलं. तूप कशात ठेवलंस म्हणून विचारलं तिनं. ते मी बघितलंच नव्हतं. बोलणं बंद आहे.

२ सप्टेंबर, रविवार
इंजिन चालू झालं. पाच मिनिटांत इतकं तापलं की जवळ उभं राहवेना. कूलिंग पाहिजे. टेबलफॅनची पाती पुढे बसवली, चेनवर फिरतील अशी. फिरली. पण एक पातं निघून थेट पांडुरंगरावांच्या ओसरीत गेलं. त्यांचा पानाचा डबा पडला. माणूस दोन तास कायदा बोलत होता. पात्यावर बोट ठेवून म्हणे, हे मानेला लागलं असतं तर. लागलं नाही ना, मी म्हटलं. वकिलांना जे झालं नाही त्याचंच कौतुक.

८ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
गणपती असल्यामुळे काम बंद. तसंही सुचत नव्हतं.

राजीनं नवीन ट्रंक आणली. चांगली मजबूत, कुलपाची. पोरीला बापाच्या कामाची कदर आहे. माझे पाने, स्क्रू, चेनचे तुकडे सगळे त्यात नीट भरून ठेवले.

९ सप्टेंबर
राजीनं सगळं बाहेर काढून ट्रंक सोड्यानं धुतली. बहुतेक गंज लागू नये म्हणून.

२३ सप्टेंबर, रविवार
नवी आयडिया. इंजिनावर सुरई टांगली, बुडाला बारीक भोक, थेंब थेंब पाणी. पहिला थेंब पडला, वाफ झाली. दुसरा पडला, वाफ झाली. एकदम बढिया. मग सुरई फुटली. खालचं इंजिन हलतं, हे हिशेबात धरलं नव्हतं.

राजी पायऱ्यांवर बसून पाहत होती. म्हणाली, जरा रस्त्यावर नेऊन जोरात चालवून पाहू या का. मी म्हटलं, बाई ग, उभ्या जागी एवढं तापतं तर जोरात गेल्यावर फुटेल नाही तर काय होईल. एवढं साधं गणित आजकालच्या शिकलेल्या पोरांना कळत नाही.

आत जाऊन ती स्वेटर विणत बसली. आपल्याकडे थंडी भयंकर पडते, बरोबरच आहे.

५ ऑक्टोबर
सापडलं. माझंच मला सापडलं. वीस वर्षं जे केलं तेच विसरलो होतो.

सरदारसाहेबांची मोटार वर्षभर कापडाखाली. बाहेर निघायची ती दसऱ्याच्या स्वारीला, नाही तर कुणाच्या वरातीला. पुढे हत्ती, मागे आम्ही, पायी चालीनं. माझ्या हाताखाली त्या मोटारीनं तिसरा गियर कधी पाहिला नाही, आणि हे मी अभिमानानं लिहितो. इंजिन तापायचंच. म्हणून क्लीनर कान्होजी शेजारून चालायचा, एका हातात बादली, एका हातात ओलं पोतं. वीस वर्षांत एकदाही मोटार बंद पडली नाही.

म्हणजे दोष इंजिनात नव्हताच. कान्होजी नव्हता, एवढंच. आता तो मी.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी
शस्त्रपूजा. आजोबांची तलवार, वडिलांचा भाला, आणि शेजारी फटफटी. झेंडू वाहिला. मंदाताईनं तुपाच्या डब्याला हळदकुंकू लावलं, म्हणजे राग गेला. राजीनं नमस्कार केला, जरा जास्तच वेळ वाकून होती. मी विचारलं, काय मागितलंस. तिनं घसरलेला झेंडू सरळ केला.

१४ ऑक्टोबर, दसरा
ट्रायल. यशस्वी. संपूर्ण यशस्वी.

राजी वर बसली, मी शेजारून बादली आणि पोतं घेऊन. इंजिन तापलं की पोतं पिळायचं. किला गेटपासून हजीऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मला तर पुढे हत्ती नाही याचंच नवल वाटत होतं.

दारात उतरल्यावर राजी म्हणाली की बाबा, तुम्ही बरोबर चालणार असाल तर मी एकटी कशी जाणार. मी म्हटलं, त्यात काय, मी रोज येईन. सकाळी बाड्यापर्यंत सोडीन, संध्याकाळी घ्यायला येईन. पाय शाबूत आहेत माझे. तिनं सांगितलं की ते तिला माहीत आहे. मग बूट सोडत बसली. पट्टी अडकली होती, मी सोडवायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, मैं कर लूँगी.

२१ ऑक्टोबर, रविवार
राजी आज बोलली. सगळं एकदम बोलली. ऑफिसात ज्यांना अडचण आहे त्यांना इथेच दुसरीकडे लावत होते. तिला साहेबांनी सगळ्यांत आधी विचारलं, पायाकडे बघून. तिनं सांगितलं की मी भोपाळला जाणार. ऑगस्टातच सांगितलं होतं. ऑफिसातल्या उषाताईंबरोबर खोली घेतली आहे. मला सांगायला जीभ रेटेना, म्हणाली. मी इतक्या हौसेनं ठोकाठोकी करत होतो म्हणून.

कुणीतरी फूस लावली असणार. पांडुरंगराव असतील. वकील माणूस.

विचारून आलो. त्यांना काही माहीत नव्हतं. उलट चहा दिला, आणि आपल्याच अंगणात बघत बसले. त्यांचा मुलगाही त्याच ऑफिसात आहे, तोही भोपाळला चाललाय, हे मी विसरलो होतो.

मंदाताईला माहीत होतं. स्वेटर, ट्रंक, सगळं. घरात न कळलेला मी एकटा. जेवण गेलं नाही. पोरगी परक्या गावात पाय घसरून पडली तर उचलायला कोण आहे, हेच सारखं डोक्यात.

तरी अजून आठ-दहा दिवस आहेत. फटफटी आणखी सुधारली तर तिचं मन फिरेल. फिरेलच.

२६ ऑक्टोबर
पोत्याऐवजी जुनं घोंगडं. पाणी जास्त धरतं. सुधारणा.

राजीचं मन फिरलेलं नाही. मंदाताई प्रवासासाठी चकल्या तळतेय. दिवाळी पुढे आहे, तरी आधीच.

३० ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळ
लिहून टाकतो.

दुपारच्या गाडीनं जायची होती. सामान आणि मंदाताई तांग्यात. राजी म्हणाली की बाबांनी एवढी मेहनत केली, तर स्टेशनपर्यंत मी फटफटीवरच जाणार. मला बरं वाटलं. मनात हेही होतं की पायी चालीनं गेलो तर उशीर होईल, गाडी चुकेल, आणि एकदा चुकली की पुढचं पुढे. बादली काठोकाठ भरली.

किला गेट ओलांडेपर्यंत बरोबर चाललो. घोंगडं एकदा पिळलं. मग राजीनं सांगितलं की बाबा, जरा बाजूला व्हा. मी झालो. तिनं मूठ पिळली. फुटेल फुटेल म्हणून मी ओरडलो. पदर खोचलेला, पाठ ताठ, वळणावरून दिसेनाशी झाली.

बादली घेऊन मागे निघालो. या वळणापुढे बंद पडून उभी असेल असं वाटायचं. नसायची. मग पुढच्या. तांगा मागून आला, मंदाताईनं चढ म्हटलं. मी नको म्हटलं, पाणी सांडेल. तांगा माझ्याआधी पोचेल हे सुचलंच नाही. स्टेशनाजवळचं पडाव आलं तरी ती कुठे दिसेना. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ती कुठेच बंद पडलेली नाही.

पोचलो तेव्हा गाडी सुटून गेली होती. बाहेर फटफटी उभी, शेजारी मंदाताई. राजी शेवटपर्यंत डब्याच्या दारात उभी होती, म्हणाली. माझ्यासाठी निरोप होता. बाबांना सांग, जरासुद्धा तापली नाही. वारा लागला की आपोआप गार राहते. फार छान बनवली आहे. आनंदात होती पोरगी, मंदाताई म्हणाली, असं हसताना तिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

म्हणजे तापत होती ती पायी चालीमुळे. मी शेजारून चालत होतो म्हणून.

स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. रडू आलं ते आवरलं नाही, तांगेवाले बघत होते तरी. अंधार पडायच्या आत घरी जाऊ या, असं मंदाताईनं दोनदा सांगितलं. वाटेत तिनं विचारलं की आता हिच्यात आणखी काय करणार आहेस.

काही नाही, म्हटलं. फटफटी ठीक आहे.