उजेडात धरलेली पेशी

सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश! राहायला ताईचं घर आहेच. आता तिचं 'कधी लागणार नोकरी' हे पालुपद तरी बंद होईल. प्रयोगशाळा एवढीशी, काळ्या पडद्यांची. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: लेसरचा झोत भिंगातून टोकदार केला की डोळ्यांना न दिसणारा कण त्या ठिपक्यात अडकतो. झोत हलवा, कण मुकाट मागे येतो. झोताला कड्याचा आकार दिला की कण घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरतो. सरावाला फक्त प्लॅस्टिकचे मणी घ्यायचे, जिवंत काही नाही, आणि घरी जाताना झोतात पकडलेलं सगळं सोडून द्यायचं. एवढे दोनच नियम.

मंगळवार
मॅडम परगावी गेल्या. मण्यांची बाटली माझ्याच हातून सांडली. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी कोणत्या तोंडानं सांगू? बोटाला सुई टोचली आणि स्वतःच्या रक्तातली एक पेशी पकडली. काय गोंडस दिसते! दिवसभर फिरवली. सोडवेना, म्हणून झोत चालू ठेवूनच निघाले. वाटेत पाय सारखे मागे ओढत होते. नवे बूट चावत असतील.

बुधवार
पेशी डावीकडे नेली. खुर्चीसकट मी डावीकडे सरकले. हसू आलं. उजवीकडे नेली, तर उजवीकडे. मग नाही हसले. संध्याकाळी दारापर्यंत गेले, उंबऱ्यापुढे पाऊलच पडेना. ताईला फोनवर थाप मारली, काम आहे म्हणून.

गुरुवार
झोत जरासा मंद केला. पेशी वाहवत निघाली आणि माझी बोटं — कडेकडेनं विरघळायला लागली. झोत वाढवला. बोटं परत आली. मला मरायचं नाही. मॅडमना फोन केला. बंद करू नकोस, म्हणाल्या, उद्या संध्याकाळी पोचते, मग आपण बघू. तुझ्या आधीच्या मुलीनं घाबरून झोत बंद केला होता. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवार, सकाळ
पेशी तापतेय. मीही. हातांवर फोड आलेत. घसा असा सुकलाय की आवाज फुटत नाही. संध्याकाळपर्यंत काढायचं — काढेन —

दुपार
ताई आली. शोधत आली. माझे हात बघून रडतेय, म्हणतेय, या मेल्या दिव्यानं भाजून काढलंय पोरीला. मी मान हलवतेय. तिला वाटतं, तळमळतेय. म्हणून हे लिहितेय — वही तिच्यापुढे धरली — डोळे भरलेत तिचे, अक्षर दिसत नाही — ताई, पूस डोळे, आधी हे वाच — ती बटणाकडे — ताई, नको, बंद करू न