दीर्घिकेवरचा ठिपका

सोम., ३
सकाळीच कदम दारात. थेरगावातल्या आमच्याच इमारतीतले शेजारी, चाकणच्या कंपनीत माल तपासतात. एका हातात आमच्या दैनिकाच्या पुरवणीतलं जुनं कात्रण, सर्पिल दीर्घिकेचा फोटो. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर तिचाच इंटरनेटवरचा ताजा फोटो.
"खालच्या वळणावर ठिपका बघा राव. मास्टरमधी न्हाई."
मास्टर म्हणजे त्यांच्याकडचा मंजूर नमुना. माल त्याच्याशी ताडायचा. इथे मास्टर आमचं कात्रण.
"म्हणजे तारा फुटलाय!" मी ओरडलो.
मी बातमी लिहायला बसलोसुद्धा. खातरजमा करायला विचारणार कुणाला?

मंगळ., ४
पहिल्या पानावर. कदमांच्या नावासकट. ते पेढे घेऊन कामावर गेले.

शुक्र., ७
खगोलाच्या एका प्राध्यापिकाबाईंचं पत्र. ठिपका आपल्याच आकाशगंगेतला साधा तारा, मध्ये आडवा आलेला. दीर्घिका त्याच्या कितीतरी पलीकडे. प्रत्येक फोटोत तो असतोच. 'आपल्या कात्रणात का नाही, हे आपणच पाहावे.'
पाहायची गरज नव्हती, आठवलं. छपाईत डाग वाटू नये म्हणून फोटो साफ करून घ्यायची आमची रीत. पिवळट गाभा, धुळीचे काळे पट्टे, गुलाबी गाठी ठेवल्या. ठिपका पुसा, असं मीच सांगितलं होतं. विधात्याच्या संहितेत आमची पाठशुद्धी!

शनि., ८
संपादक : "आपली चूक छापायची नाही. कामगाराची नजर चुकली म्हणा."
म्हटलं नाही. पण खरंही छापलं नाही, ते काय वेगळं.
ठिपका जुनाच, हे मोबाइलवर पसरलं. कदमांना खात्यात कालपासून ऐकवतात, "काय भाऊ, आज कुठला तारा रिजेक्ट?" जिन्यात मी नमस्कार केला, त्यांनी भिंतीकडे पाहिलं. रौद्ररस पुस्तकात वाचायला बरा.

रवि., ९
कदमांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.
"खोटा माल कधी पास केला न्हाई मी. तुमचा मास्टरच खोटा!"
"चुकलो, कदम."
"तोंडी चालत न्हाई आमच्याकडं. लिवा. सही करा. खात्यात बोर्डावर लावतो."
बोर्डावर लागलं की संपादकांपर्यंत जाणार, माझं काम जाणार. क्षमेची संस्कृत वाक्यं मनात जुळवत होतो. लिहिलं एवढंच : ठिपका मी पुसला. कदमांचं चुकलं नाही.
सही केली.
दोनदा वाचलं त्यांनी. "तारीख ऱ्हायली."
घातली. त्यांनी दार लावून घेतलं.

सोम., १०
कदमांची पहिली पाळी सुरू होऊन तास झाला. संपादकांचा फोन दोनदा वाजून थांबला. आता तिसऱ्यांदा वाजतोय. उचलतो.